डाव्या बाजूचे नट

ट्रक घरी आला तो स्वतःच्या पायांनी नव्हे. पुढे एक टेम्पो, मागे ट्रक आणि दोघांच्या मध्ये जाड लोखंडी दांडा. गल्लीचा चढ चढताना टेम्पो असा कण्हत होता की लोक दारात येऊन उभे राहिले. ट्रकमध्ये स्टिअरिंग धरून दाजी बसले होते, मान ताठ, नजर समोर, जणू ट्रक तेच चालवत होते. मागून पेंटर चालत होता. त्याच्या हातात एक मोठा दगड होता. मध्येच दांडा निसटला तर चाकाखाली घालायला.

"काय पेंटर, कुणाला पोहोचवायला निघालात?" कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने विचारलं.

"जिवंत आहे रे," दाजी वरून म्हणाले. "झोप लागलीये फक्त."

गल्ली हसली. पेंटरही हसला, पण त्याचे कान तापले. त्याला पहिल्यापासून हेच. कुणी चार माणसांत हसलं की दुसऱ्याच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळून जायचं, त्याच्या अंगाला मात्र रंगासारखं चिकटून बसायचं.

ट्रक पेंटरच्या अंगणात उभा केला, कारण अंगण त्याच्याकडेच होतं. पत्र्याची शेड, तिच्यासमोर मोकळी जागा, मग फाटक, आणि फाटकातून बाहेर पडलं की उतार थेट खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत. चारही चाकांना दगड लावले. टेम्पो गेला. मग दोघं म्हातारे कमरेवर हात ठेवून ट्रककडे बघत राहिले. केबिनच्या छताला गंज चढून जाळी झाली होती. एका दाराला आतून कडी होती, घराच्या दाराला असते तशी.

"झालं तर मग," दाजी म्हणाले. "आता आपण मालक."

दाजी म्हणजे पेंटरच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी उमर त्यांनी ट्रक चालवले, पण एकही स्वतःचा नव्हता. पेंटरने सारी उमर ट्रक रंगवले. दारांवर मालकांची नावं काढली, वेलबुट्टी काढली, मागच्या फळीवर सूर्य नि कबुतरं काढली. नाव मात्र नेहमी दुसऱ्याचं. दोघांचे हात रिकामे झाले तेव्हा एका संध्याकाळी दाजी सहज बोलून गेले, की मरायच्या आधी आपल्या मालकीच्या गाडीत बसून एकदा हॉर्न वाजवावा म्हणतो. पेंटरच्या ते मनात भरलं. भंगारवाल्याच्या कुंपणाआड उभा असलेला हा ट्रक त्यानेच शोधून काढला होता.

पहिले काही दिवस कसे छान गेले. सीटखाली उंदरांनी घर केलं होतं, ते काढलं. टाकीत पावडरीसारखा गंज आणि जुन्या डिझेलचा चिखल, तो उपसला. पेंटरची बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, माझ्या घरात एवढी घाण निघाली असती तर दोघांनी मला काय काय ऐकवलं असतं." दाजी इंजिनात कोपरापर्यंत शिरले होते. तिथूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या घराला इंजिन कुठे आहे?" ती म्हणाली, "आहे की. मीच." त्यावर ताई, पेंटरची बहीण, पायरीवर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि एका सकाळी ट्रक बोलला. खोकला, थुंकला, काळा धूर सोडला, पण बोलला. पेंटरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने आलं असं त्याने सांगितलं.

दाजींनी लगेच इंजिन बंद केलं.

"आता याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "गाडीला आधी थांबायला शिकवायचं, मग पळायला. चारही चाकं काढायची, ड्रम उघडायचे, आत ब्रेकच्या लायनरची काय दशा आहे बघायचं, ब्रेकचे पाइप बघायचे. तोवर ही अंगणातून हलणार नाही."

पण दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मोतीबिंदू. लेकीकडे जाऊन करायचं, तिथेच काही आठवडे राहायचं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. निघताना त्यांनी पाना पेंटरच्या हातात दिला.

"चाकं तेवढी उघडून ठेव. जमत नसेल तर गॅरेजच्या मिस्त्रीला बोलाव, लाजू नकोस."

"मला जमत नसेल?" पेंटर म्हणाला. "दाजी, सारा जन्म ट्रकांत गेला माझा."

हे तो बोलून गेला. आणि बोलल्याबरोबर त्याला कळलं, की ते खरं असूनही खरं नव्हतं. ट्रकांत जन्म गेला होता, पण त्याच्याकडे ट्रक यायचा तो सगळं उरकून. इंजिनवाला, ब्रेकवाला, बॉडीवाला, सगळ्यांचे हात फिरून झाले की शेवटी पेंटर. त्याच्या पुढ्यात आलेला ट्रक चालता, थांबता, ठाकठीक असायचा. त्याचं काम झालं की गाडी झाली. शेवट त्याला पाठ होता. सुरुवात त्याने कधी बघितलीच नव्हती. जन्मात एक नट सोडवला नव्हता आणि हे कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी बसला. नटाला पाना लावला आणि डावीकडे जोर दिला. बाटलीचं झाकण उघडतात त्याच दिशेला. नट हलला नाही. उभा राहून दोन्ही हातांनी जोर दिला. नाही. पान्यावर पाय देऊन उभा राहिला तेव्हा पाना सटकला आणि पेंटर फाटकाच्या दिशेने पार्श्वभागावर बसला.

फाटकापलीकडे सायकलवाला उभा होता. हा माणूस पंक्चर काढायचा कमी आणि लोकांच्या फाटकांत उभा राहायचा जास्त.

"काय पेंटर, ट्रकला व्यायाम शिकवताय?"

"गंज आहे," पेंटर अंग झटकत म्हणाला.

"गंज नटाला आहे की तुम्हाला?"

तो गेला, पण खालच्या लॉन्ड्रीपर्यंत ही गोष्ट पोहोचली असणार हे पेंटरला पक्कं माहीत होतं. त्याने एकेक करत त्या चाकाचे सगळे नट करून बघितले. रॉकेल ओतलं, हातोड्याने ठोकलं. जितका जोर द्यावा तितके नट जास्तच घट्ट बसल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या चाकाला हात लावायचा धीर झाला नाही; मिस्त्रीला बोलवावं असं मनात आलं. पण मिस्त्री म्हणजे तोच, ज्याच्या गॅरेजबाहेर पेंटरने इतकी वर्षं बसून ट्रक रंगवले. त्याला काय सांगायचं? मला नट सोडवता येत नाही? तो काही बोलला नसता. नुसता बघत राहिला असता.

मग पेंटर शेडमध्ये गेला आणि रंगाचा डबा उघडून बसला. रंगवायचं मनात नव्हतं. नुसता वास घ्यावा, जरा बरं वाटेल, एवढंच. पण ब्रश हातात आला, आणि हात आपोआप ट्रककडे वळला.

आधी गंज घासला. मग अस्तर दिलं. मग केबिन लाल, फळ्या पिवळ्या, बंपर काळा. गल्लीतले येऊन बघू लागले. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "वा." सायकलवालासुद्धा गप्प झाला. दारावर त्याने नावासाठी एक निळी पट्टी आखली आणि ती रिकामी ठेवली. गाडी चालली की नाव घालू, असं दाजींचं ठरलं होतं. हात इतके शिवशिवत होते की चाकांखालच्या दगडांनाही त्याने पांढरा रंग देऊन टाकला.

दाजींचा फोन आला तेव्हा तो चाकांच्या रिंगा रंगवत होता.

"उघडली का चाकं?"

"हं."

"लायनर कसे निघाले?"

पेंटरने हातातल्या ब्रशकडे बघितलं. "बरे आहेत," तो म्हणाला. "चालतील."

"चारही?"

"चारही."

"शाबास रे पेंटर. मला उगाच घोर लागला होता."

फोन ठेवला. मग त्याने नट रंगवायला घेतले. लालभडक, एकेक, कोपऱ्याकोपऱ्यातून. नटांतून बाहेर आलेल्या बोल्टांच्या टोकांवर डाव्या बाजूला इंग्रजी एल कोरलेला होता. असा एल त्याने आयुष्यात शेकडो ट्रकांवर पांढऱ्या रंगाने उठवला होता. कंपनीची खूण असेल असं समजून. आजही उठवला. काम संपलं तेव्हा चाकं अशी दिसत होती, की कालच कुणी काढून, धुऊन, बसवून गेलं असावं. हे त्याला दिसत होतं. दिसावं म्हणूनच तर रंगवली होती. पण तसं मनाशी म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो मनाशी म्हणाला, रंग अर्धवट ठेवू नये.

सांगायला वेळ नव्हता असं नाही. रोज सकाळी तो ठरवायचा की आज मिस्त्रीला आणायचं. रोज बायको विचारायची, "अहो, जेवण का जात नाही तुम्हाला?" आणि तो म्हणायचा की रंगाच्या वासाने.

दाजी परत आले ते काळा चष्मा लावून. फाटकातच त्यांनी तो काढला आणि ट्रककडे बघतच राहिले.

"अगं ए," ते ताईला म्हणाले, "हा लाल बघ. डोळा उघडल्यापासून मला सगळे रंग नवेच दिसायला लागलेत. इतकी वर्षं मी मळक्या काचेतून बघत होतो म्हण."

त्यांनी ट्रकला एक फेरी मारली. सावकाश. दारावरून हात फिरवला, पट्टी बघितली. पुढच्या चाकापाशी वाकले. जरा जास्तच वेळ वाकले. नटावरून अंगठा फिरवला. मागच्या चाकापाशीही वाकले. पेंटर शेडच्या खांबाला टेकून उभा होता.

"चारही उघडली होतीस ना?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"हं," पेंटर म्हणाला.

"बरं."

दाजी केबिनमध्ये चढले. किल्ली फिरवली. ट्रक खोकला आणि सुरू झाला. पेंटरची बायको फाटक उघडायला धावली. उघड्या फाटकातून उतार दिसू लागला, उताराच्या टोकाला लॉन्ड्री, आणि त्यापलीकडे मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या. पेंटरला वाटलं, आता सांगावं. पण त्याच्या डोक्यात नको ते हिशेब फिरत होते. हँडब्रेक लागेल कदाचित. गिअरवर थांबेल. दाजी जुने ड्रायव्हर आहेत, सांभाळून घेतील. आणि कदाचित ब्रेक खरंच बरे असतील. असतीलही.

"निघू का रे?" दाजींनी खिडकीतून विचारलं. चष्मा काढलेले ते डोळे थेट त्याच्यावर होते.

पेंटर खांबावरचा रंगाचा ओघळ नखाने खरवडू लागला.

तेवढ्यात ताई पुढे झाली. "थांबा हो, मी पण येते. पहिल्यांदा मालकिणीने नको बसायला?" तिने साडीचा काठ उचलला, पायरीवर पाय ठेवला आणि दुसऱ्या दाराने वर चढून बसली.

"ताई, उतर," पेंटर म्हणाला.

इंजिनच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तो धावला. दार धरून ओरडला, "उतर खाली. ब्रेक बघितलेले नाहीत. मी चाकं उघडलीच नाहीत."

दाजींनी इंजिन बंद केलं. मग अंगण इतकं शांत झालं की खालच्या लॉन्ड्रीतला रेडिओ ऐकू येऊ लागला.

"मला नट सुटले नाहीत," पेंटर म्हणाला. "एकही."

ताईने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज नेहमीचाच होता, लहानपणी सांडलेलं दूध पुसताना असायचा तसा.

"मी चढले म्हणून बोललास," ती म्हणाली. "हे चढले तेव्हा काय दातखीळ बसली होती?"

पेंटरने स्वतःला तो प्रश्न विचारलाच नव्हता. आता विचारला गेला आणि उत्तर सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. त्याची बायको फाटक धरून उभी होती, तिने तोंड फिरवून घेतलं. आयुष्यात त्याच्यावर पुष्कळ जण हसले होते. आज कुणी हसत नव्हतं, आणि जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला आजच वाटलं.

"अगं, असू दे," दाजी खाली उतरत म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" ताईने विचारलं.

"हेच. नट आणि रिंग यांच्यावरून रंग एकसंध गेलाय. आणि त्या रंगाखाली जुन्या गंजाची रेघ तशीच आहे. नट कधी फिरलाच नाही, तर ती मोडणार कशी? जुन्या डोळ्याने नसतं दिसलं कदाचित." ते थांबले. "मी काही ट्रक हलवणार नव्हतो. ते बघ."

पेंटरने खाली बघितलं. चारही चाकांखाली दगड जागच्या जागी होते. त्यानेच पांढरे केलेले, लख्ख, आंधळ्यालाही दिसावेत असे. मघापासून ते त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि एकदाही त्याच्या नजरेला पडले नव्हते.

"मग मला विचारलंत कशाला, निघू का म्हणून?"

"तू सांगतोस का बघत होतो," दाजी म्हणाले. एवढंच म्हणाले. मग बाह्या सरसावत इकडेतिकडे बघू लागले. "पाना कुठे ठेवलास?"

"तुम्ही वाकायचं नाही," ताई म्हणाली.

"मी कुठे वाकतोय? वाकणार तो आहे."

पेंटरने पाना आणला. तारेच्या ब्रशने एका नटावरचा रंग घासून काढला. आठवडाभरही न झालेला रंग होता. त्याचे लाल पापुद्रे त्याच्या पायांवर पडत होते. पाना लावून त्याने डावीकडे जोर द्यायला घेतला.

"कुठे फिरवतोयस?" दाजींनी विचारलं.

"सोडवायला."

"ते सोडवणं नव्हे, आवळणं झालं. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चाक फिरताना नट आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. बोल्टावर एल लिहिलाय की एवढा मोठा." दाजी जरा वाकून बघायला गेले आणि ताईच्या नजरेने परत सरळ झाले. "हा तर तू पांढऱ्या रंगाने गिरवलायस."

पेंटर त्या अक्षराकडे बघत राहिला. छान वळणदार काढलं होतं. कडा कुठे फुटली नव्हती.

"म्हणजे मी त्या दिवशी ते घट्टच करत होतो?"

"चांगले घट्ट केलेस," दाजी म्हणाले. ते हसले नाहीत, आणि हसत नाहीत हे त्याच्या भल्यासाठीच आहे हे पेंटरला कळलं. "पाइप आण एखादा, पान्याला लावू. आता जोर लागणार."

पाइप लावला. उजवीकडे जोर दिला. रंग तडकला, मग गंज तडकला, आणि नट कुरकुरत फिरला. चाक उतरवून ड्रम काढेपर्यंत ऊन कलायला आलं. ड्रम सरकला तशी एक काळी ओली घाण खाली गळली. ब्रेकच्या पाइपातलं ऑइल आत झिरपून लायनर त्यात भिजून गेला होता. हाताने दाबला तर साबणासारखा सरकत होता. दाजींनी पेचकसाच्या टोकाने तो दाखवला. पेंटरने फाटकाकडे बघितलं. फाटक अजून उघडंच होतं. त्याने उठून ते लावलं आणि परत येऊन दुसऱ्या चाकापाशी बसला.

बाकीची तिन्ही चाकं त्यानेच उघडली. दाजी खुर्चीत बसून सांगत होते, तो करत होता. मिस्त्रीलाही बोलावलं, लायनर बसवायला, आणि पेंटरने स्वतःच जाऊन त्याला सांगितलं की मला नट सुटत नव्हते, मी उलटे फिरवत होतो. मिस्त्री म्हणाला, "होतं असं." तो नुसता बघेल ही भीती होती, पण त्याने बघितलंसुद्धा नाही. हातातल्या कामातून मान वर काढली नव्हती.

पुढे ट्रक चालला. उतार उतरला आणि खाली लॉन्ड्रीच्या अलीकडे थांबला, जिथे थांबायला हवा होता तिथेच. दाजींनी हॉर्न वाजवला, लॉन्ड्रीवाल्याने कानांवर हात ठेवले. दाराच्या निळ्या पट्टीत पेंटरने ताईचं आणि दाजींचं नाव घातलं. "आणि तुझं?" दाजींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जागा पुरली नाही." पट्टी त्यानेच आखलेली होती.

नटांना मात्र त्याने परत रंग दिला नाही. सगळा ट्रक झगझगीत आणि नट तेवढे उघडे, ग्रीस लावलेले. सायकलवाला एकदा म्हणालाच, "पेंटर, नट राहिले की तुमचे." पेंटर म्हणाला, "राहू दे."

ताई अजून त्या ट्रकमध्ये बसते. पण बसण्याआधी एक पाय पायरीवर ठेवते, मागे वळते आणि सगळ्यांसमोर भावाला विचारते, "काय रे, चढू ना?"

सगळे हसतात. पेंटरही हसतो. "चढ," म्हणतो, आणि मग खाली वाकून, कुणी सांगितलेलं नसताना, चाकाखालचा दगड स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवतो. त्यावरचा पांढरा रंग आता बराचसा उडालाय.